जागा नाही

...आणि ही काळी पट्टी कसली? करंगळीच्या पेराएवढी, कॉम्प्युटरच्या पडद्याच्या तळाशी, पार उजव्या टोकाला. बाकीच्या पट्ट्यांच्या डोक्यावर निळी रेघ होती आणि पोटात नावं होती — सी, डी, आणि कडेला एक इवलीशी, जिच्यात सिस्टिम का काय ते लिहिलं होतं. काळीला नाव नव्हतं, अक्षर नव्हतं. नुसता आकडा, ऐंशी जीबी, आणि त्याखाली एक लांबलचक इंग्रजी शब्द, जो तिने दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर सोडला. तेरा वर्षं या कॉम्प्युटरसमोर बसून तिने गिऱ्हाइकांची मापं लिहिली, गळ्यांचे नमुने जमवले, आणि याच्या पोटात असलं काही आहे हे तिला आज कळत होतं.

चार वाजता गाडी येणार होती. कॉम्प्युटर धाकट्या बहिणीच्या शाळेत जायचा होता. धाकटी तिथे कॉम्प्युटरच शिकवते, त्यामुळे सकाळी फोनवर तिने सगळं पाठ करून घेतल्यासारखं सांगितलं होतं — इथे दाब, मग तिथे दाब, पट्ट्या दिसतील, त्यातली डी पुसून टाक, सी मी इथे पुसते, पोरांच्या हाती तुमचं काही पडायला नको. आणि मग, फोन ठेवता ठेवता, "ताई, आईचं रेकॉर्डिंग आधी काढून घे हं. आई गेल्यापासून 'देते, देते' म्हणतेयस."

"देते गं," ती म्हणाली होती.

काय देणार होती? कपाळ? आईचं रेकॉर्डिंग नव्हतं. आठ वर्षं नव्हतं. एकोणीस रेकॉर्डिंगं होती ती, आईच्या शेवटच्या हिवाळ्यातली, खिडकीशी खुर्ची ओढून, मांडीवर शाल घेऊन बोललेली — लहानपणीची विहीर, वडिलांचा मार, धाकटीचा जन्म, मधेच खोकला, मधेच एखाद्या शेजारणीचा उद्धार. आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला, माइककडे संशयाने बघत, "चालू झालं का गं हे?" एकोणीस वेळा चालू झालं का गं हे. ती सगळी तिनेच पुसली होती. याच बोटाने. आणि धाकटीला सांगायची हिंमत झाली नव्हती, म्हणून 'देते'.

पण ही काळी पट्टी... ती खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकली. कारण नवऱ्याने आयुष्यात कधी काही टाकलेलं नव्हतं. कारखान्यात स्टोअरकीपर होता तो, तीस वर्षं. वाकडे खिळे, दोऱ्यांचे तुकडे, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, सगळं डब्यांत, डब्यांवर चिठ्ठ्या. आताही शेजारच्या खोलीत स्क्रू निवडत बसला होता, टिक्‌ टिक्‌ आवाज येत होता. असा माणूस आईचा आवाज कचऱ्यात जाऊ देईल? तिच्या पाठीमागे त्याने नक्कल करून ठेवली असेल, इथे, या काळ्या खणात, आणि सांगायचं विसरला असेल. विसरतो तो. देवा, विसरलेला असू दे.

तिने फोन लावला.

"काळी? ती रिकामी जागा गं," धाकटी म्हणाली. मागे वर्गाचा गोंगाट होता. "कुणाला दिलेलीच नाही ती. डिस्कचे भाग पाडताना कुणीतरी मुद्दाम बाजूला ठेवलेली दिसते."

"त्यात काही असेल?"

"कधी वापरलीच नाही तर काय असणार? ऐंशी जीबी! अख्खा संसार मावला असता त्यात. फुकट गेली. आईचं काढलंस ना?"

तिने फोन बंद केला.

रिकामी. म्हणजे लपवलेलंही काही नाही. एखादं गुपित निघतं तरी परवडलं असतं, एखाद्या बाईचे फोटो निघते तरी चाललं असतं — भांडता तरी आलं असतं. हे तर नुसतं न वापरलेलं. आणि तो रविवार तिच्यापुढे जसाच्या तसा उभा राहिला: तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तो उभा, डिस्क भरलीय, त्याला त्याचं काहीतरी नवीन टाकायचंय, आणि तो शांतपणे, स्टोअरच्या खिडकीतून माल नाकारावा तसा म्हणतोय, "जागा नाही. एवढ्या मोठ्या फायली कशाला? आई काय कुठे पळून चाललीय? पुन्हा करू की रेकॉर्ड." आई तेव्हा आतल्या खोलीत जिवंत होती, डाळिंबाचे दाणे काढत होती. दोन महिन्यांनी तिची वाचा गेली, आणि मग ती.

जागा नाही! मी शिवणीत कापड राखते, अर्धा इंच राखते, उद्या कुणाचं अंग भरलं तर उसवून सोडता यावं म्हणून. अंगावर कपडा फाटत असताना अख्खं ठाण कपाटात दडवून कुणी 'कापड नाही' म्हणतं का?

"झालं का?" तो दारात आला. बोटांना तेल लागलं होतं.

"ही जागा तुम्ही ठेवली होतीत?"

तो वाकला, चष्मा वर केला, आणि चक्क खूश झाला. "अरे वा, सापडली का तुला? पहिल्याच दिवशी ठेवलेली. राखीव. मी स्टोअरमध्ये 'माल संपला' म्हणायचो ना, तेव्हा माझ्याकडे नेहमी दहा नग असायचे. कुणाला पत्ता नाही."

"आईच्या वेळी डिस्क भरली होती."

"कधी?"

त्याला आठवतही नव्हतं. "आईचं बोलणं पुसायला लावलंत मला. जागा नाही म्हणून."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, खरंच गोंधळलेला, खरंच समजावू पाहणारा. "अगं, पण ही जागा तेव्हा काढली असती तर आज राहिली असती का?"

ती पडद्याकडे वळली. तो बोटं पुसत गेला. पुन्हा टिक्‌ टिक्‌.

तिने डी-वर नेऊन बाण टेकवला. दाबलं, कारण दुसरं काहीतरी फोडावंसं वाटत होतं. चौकट उघडली: सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का? ओळखीची चौकट. त्या रविवारीही एकेका फायलीला हिने असंच विचारलं होतं, एकोणीस वेळा, आणि प्रत्येक वेळी आपण 'हो' दाबत गेलो, मागे तो उभा होता म्हणून... 'हो'च्या शेजारी 'नाही' होतं. तेवढंच मोठं, तेवढ्याच अंतरावर. एकोणीसही वेळा ते तिथेच होतं. आपण मान वळवून 'कुठे नाही जागा, दाखवा' एवढंही म्हटलं नाही. गिऱ्हाइकाशी बोटभर कापडासाठी हुज्जत घालणारी मी.

फोन वाजायला लागला. धाकटी. तिने वाजू दिला. डोळे मिटून तिने आईला आठवून पाहिलं, खिडकी आली, शाल आली, 'चालू झालं का गं हे' हे शब्दही आले, पण ते कुणाच्याच आवाजात नव्हते. शेजारच्या खोलीतल्या त्या टिकटिकीवरचा तिचा राग आता तिच्या स्वतःच्या बोटापर्यंत आला होता, आणि वाटला गेल्याने तो अर्धा झाला नव्हता; दोघांनाही पुरून उरेल एवढा होता.

फोन वाजतच होता. यावेळी 'देते' म्हणता येणार नव्हतं.