आजी गेली

सगळी दुनिया सुट्टीत फिरायला निघते, ती बसनं. आणि बस चालवतो कोण? भिंगरीचा बाप! त्यामुळे शाळेला सुट्टी लागली की याला श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि याला रजा मिळाली की पोरीची शाळा भरलेली. बाप-लेक मिळून कुठे गेल्याचं भिंगरीला आठवतच नव्हतं.

त्यात त्याची आई, म्हणजे भिंगरीची आजी, गुडघ्यांनी बेजार होऊन समुद्राकाठी लेकीकडे राहायला गेली. निघताना म्हणाली, "पोरीला घेऊन ये रे. हिचा हात धरून एकदा वाळूत चालायचंय. पुढचं माझ्या पायांचं काही सांगता येत नाही." ते ड्रायव्हरच्या मनातून जाईना. मोठ्या मिनतवारीनं त्यानं पुढच्या आठवड्याची रजा मिळवली आणि मोठ्या बाईंकडे गेला.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या हेडबाई. रस्त्यावर ट्रकवाल्यांना भारी पडणारा हा गडी त्यांच्यापुढे धडा न आलेल्या पोरासारखा उभा राहिला. नीट समजावून सांगायचं सोडून एवढंच म्हणाला, "पोरीला फिरायला न्यायचंय."

"फिरायला? शाळा म्हणजे काय धर्मशाळा आहे, वाटेल तेव्हा यावं नि वाटेल तेव्हा उठून जावं? उद्या सगळेच निघतील. जमणार नाही!"

झालं. ड्रायव्हर शेपूट घालून परतला.

दोन दिवसांनी तो भिंगरीला न्यायला फाटकाशी उभा होता, तर मोठ्या बाई स्वतः बाहेर आल्या. आवाज एकदम मऊ. "भिंगरीनं सांगितलं. फार वाईट झालं हो. त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले, मनावर घेऊ नका. न्या तिला, आठवडाभर न्या."

ड्रायव्हर चक्रावला. वाटेत त्यानं विचारलं, "काय सांगितलंस गं बाईंना?"

"त्यांनी विचारलं, का रडतेस? मी म्हटलं, आजी गेली."

"कुठे गेली ते सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही. नुसतं जवळ घेतलं."

अरे देवा! ड्रायव्हर रस्त्यातच थांबला. पोरीचं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि आई मात्र जिवंतपणी स्वर्गात पोचली होती.

घरी बायको हसून हसून लोळायची बाकी राहिली. "अहो, अशी अफवा उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. रजा मिळाली ना? मग तोंड मिटून बॅग भरा."

त्यालाही पटलं. आपण कुठे खोटं बोललो? तो बॅग भरायला बसला, तोच फोन वाजला. आईच होती. "काय रे, येताय ना? पोरीला वाळूत चालेल अशी चप्पल आण हो." लोकांनी जिच्यासाठी हळहळावं, ती बिचारी चपलेची काळजी करत होती. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी तो भिंगरीला घेऊन थेट बाईंच्या खोलीत गेला. "बाई, माझी आई जिवंत आहे. बहिणीकडे राहायला गेलीय, एवढंच. काल वाटेत सगळं कळलं, तरी मी सांगायला परत फिरलो नाही."

बाई लालबुंद झाल्या. "अहो, काल अख्ख्या वर्गाला मी तुमच्या आईसाठी उभं केलं! शांतता पाळली!"

"मीपण उभी राहिले," भिंगरी म्हणाली.

"चुकलंच माझं," ड्रायव्हर म्हणाला. "रजा रद्द करा. पण एक सांगतो. आई गेली असं वाटलं, तर तुम्ही न मागता आठवडा दिलात. ती आहे म्हटल्यावर एक दिवस मिळत नाही. पुढेमागे ती खरंच जाईल, तेव्हाही तुम्ही रजा द्याल. पण तेव्हा पोरीनं कुणाचा हात धरून चालायचं, बाई?"

बाईंनी टेबलावरची पट्टी सरळ केली, मग उगीच पुन्हा वाकडी केली. भिंगरीकडे बघून म्हणाल्या, "पाढे बरोबर ने. रोज आजीला म्हणून दाखवायचे."

भिंगरीनं टुणकन उडी मारली. दारातूनच वळून ओरडली, "बाई, जाते मी!"

"जाते नाही!" बाई खेकसल्या. "येते म्हण. आणि आजीलाही शिकव."