गरम सूप आणि बिनकठड्याचा पूल

काळसम्राटांनी चमचा आपटला. "पुन्हा गार! उद्या सूप गार आलं तर बाई, तुम्ही थेट लाव्हात."

स्वयंपाकीणबाईंनी गार वाडगा उचलला. सूप त्या उकळतंच ओतत. पण स्वयंपाकघर तळघरात आणि दरबार बुरुजाच्या टोकाला. किल्ला बांधणाऱ्या शहाण्याला शत्रू तेवढा दिसला, जेवणाचं ताट दिसलंच नाही. आधी मनाला येईल तिकडे वळणारा जिना. मग झुलत्या कुऱ्हाडींचा बोळ. मग लाव्हावरचा पूल, त्याला कठड्याचा पत्ता नाही. खाली उकळता लाव्हा आणि हातात गारढोण सूप, नशीब म्हणतात ते हेच! याच पुलावर बाईंच्या मामांचा तोल गेला होता. मामा वाचले, पण तेव्हापासून ते खुर्चीवरसुद्धा बसत नाहीत.

"महाराज," बाई जीव मुठीत धरून म्हणाल्या, "गरम प्यायचं तर तुम्हीच खाली चला. लाव्हात काय, नंतरही टाकता येईल."

सम्राट हसले. आपलाच तर किल्ला! आजवर ते गच्चीतून ड्रॅगनवर बसूनच ये-जा करत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

पुलावर त्यांनी खाली पाहिलं आणि मटकन बसले. "इथे कठडा का नाही?"

"तुम्हीच नको म्हणालात. दरारा जातो म्हणे."

"मी म्हणालो म्हणून ऐकायचं?"

बाईंच्या एप्रनचं टोक धरून सम्राट रांगत पलीकडे गेले. कुऱ्हाडीने मुकुटाचं एक शिंग उडवलं. जिन्याने दोघांना दोनदा त्याच न्हाणीघरात नेऊन सोडलं.

शेवटी स्वयंपाकघरात पिठाच्या पोत्यावर बसून सम्राटांनी पहिला घोट घेतला. जीभ पोळली, डोळे भरून आले. "गरम आहे हो," ते पुटपुटले. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"आता वर जायचं ना?"

सम्राटांनी दाराकडे पाहिलं आणि पोतं घट्ट धरलं. "दरबार इथेच भरेल."

तेव्हापासून ते चुलीशेजारी ठाण मांडून बसले. जीव वाचल्याचा आनंद बाईंना जेमतेम आठवडाभर पुरला.

"बाई, मीठ कमी वाटतंय. गाजर एवढं जाड? आमच्या आई यात मिरी घालायच्या."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. भीती कधीच संपली होती. त्यांनी सम्राटांच्या हातात सुरी दिली आणि कांद्यांची टोपली पुढे सरकवली.

"चिरा. आणि बोटं सांभाळा."

"हो," म्हणत सम्राट मुकाट्याने सरसावून बसले.