तातेरावांच्या मोटेचे कडे

मी एक जुने लोखंडी कडे आहे. मित्रांनो, बैल धावेच्या उतारावरून खाली उतरतात आणि चामड्याची मोट पाण्याने भरून विहिरीतून वर येते, हे तुम्ही पाहिले असेल. त्या मोटेचे तोंड उघडे धरून ठेवते, ते मी. हिंगोलीजवळच्या पुसेगावच्या लोहाराने मला लालबुंद करून ऐरणीवर असे बडवले की माझी एक बाजू अजून चपटी आहे. मी जन्मलेच मार खाऊन. म्हणून माराचे मला भय नाही. मारणाऱ्यांचा मात्र मला फार राग येतो, आणि तो का येतो तेच आज सांगायचे आहे.

तातेरावांच्या वडिलांपासून मी त्यांच्या मळ्यात राबले. हळदीला पाणी पाजले, उसाला पाजले. पुढे चामडे कुजले, तातेरावांनी नवी मोट नव्या कड्यासह केली आणि मला गोठ्यातल्या खुंटीला अडकवले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

सन एक्केचाळीसची ही गोष्ट. तातेरावांचा मुलगा रामकिशन औरंगाबादला कॉलेजात शिकत होता आणि तिथल्या बास्केटबॉलच्या संघात खेळत होता. पोरगा तालमीतला, मान वळूसारखी, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर. त्या साली शहरात प्लेग आला आणि कॉलेज बंद पडले. संघाचा कप्तान विश्वंभर हिंगोलीचा, बंडोपंत कारकुनांचा मुलगा. खेळाचे साल फुकट जाऊ नये म्हणून तो सगळा संघ घेऊन हिंगोलीला आला आणि स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत मैदान आखले. गडबडीत दोनपैकी एक कडे कॉलेजातच राहिले होते. विश्वंभर रामकिशनला म्हणाला, "कडं अठरा इंचांचं लागतं. म्हणजे बराबर एक हात."

रामकिशन घरी पुसेगावला आला. त्याने मला खुंटीवरून काढले, कोपर माझ्या एका काठाला टेकवले आणि बोटे पसरली. मधल्या बोटाचे टोक दुसऱ्या काठाला नेमके लागले. पोरगा हरखला. पण मित्रांनो, हात कुणाचा? तालमीत वाढलेल्या त्या धिप्पाड पोराचा! साध्या माणसाच्या हातापेक्षा तो चांगला चार बोटे लांब होता. माझे तोंड पाहिजे त्याहून मोठे आहे, हे ना त्याला कळले, ना मला उंच फळीवर ठोकल्यावर खाली उभ्या असलेल्या कुणाला.

"घेऊन जा, पण वापस आण," तातेराव म्हणाले. "माह्या बापाचं कडं हाय ते."

मग माझे दिवस पालटले. जिथे कोंबड्या बसत, तिथे सुतळीची जाळी लागली. चेंडू माझ्यातून गेला की सारे मैदान ओरडे. खरे सांगते, मला ते फार आवडे. नाही आवडले ते खाली चालायचे. खेळ बास्केटबॉलचा आणि डाव कुस्तीचे! पूर्णेचा रेल्वेचा संघ आला, तेव्हा त्यांच्या फुलसिंगचे दोन दात मातीत पडले. पोलीस लाइनीच्या एका गड्याचे नाक रामकिशनने कोपराने फोडले. पंचाने शिटी वाजवली तर लोक पंचालाच शिव्या देत. "हाण, रामकिशन, हाण!" अशी आरोळी उठे आणि त्या पोराच्या अंगात वारे शिरे. त्याची आई गोजरबाई एकदा हळदीच्या गाडीबरोबर बाजाराला आली होती. ती कडेला उभी राहून म्हणाली, "लेकरा, खेळून राहिला का मारून राहिला?" तो नुसता हसला.

शेवटचा सामना हैदराबादच्या एका कॉलेजाशी ठरला. तो जिंकला की साल जिंकले. त्या संघाचा कप्तान नेमसिंग शेजारच्या कळमनुरीचाच, म्हणजे घरचाच गडी. त्याची आणि रामकिशनची जुनी खुन्नस होती. रामकिशनने गावभर सांगून ठेवले होते की हरलो तर मिशा उतरवीन. मिशा अजून धड फुटल्याही नव्हत्या.

पहिल्या डावात आमचा संघ माझ्याकडे चेंडू टाकत होता. चेंडूमागून चेंडू आत. नेमसिंगचा संघ दुसऱ्या, कॉलेजच्या कड्यावर टाकत होता. त्यांचे निम्मे चेंडू काठाला लागून परत येत. डाव संपला, बाजू बदलल्या. आता नेमसिंग माझ्याखाली आला. रामकिशनने त्याच्या बरगडीत गुडघा घातला, तरी त्याने चेंडू फेकला. तो माझ्या काठाला न शिवता आत गेला. नेमसिंग मात्र आनंदला नाही. मान वर करून माझ्याकडे पाहतच राहिला. मग गड्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने एक सोडून दोन चेंडू माझ्यात शेजारी शेजारी घातले. दोन्ही एकदम खाली पडले. तेच त्याने दुसऱ्या कड्यात करून पाहिले, तर दोन्ही चेंडू वरच अडकले.

विश्वंभरचा चेहरा पांढरा पडला. "चूक झाली," तो पुढे होऊन म्हणू लागला, "मापात चूक झाली..."

कोण ऐकतो! नेमसिंगच्या गड्यांनी मला फळीवरून उखडले. नेमसिंगने मला उचलले आणि सगळ्यांसमोर रामकिशनच्या गळ्यात अडकवले.

"घाल गळ्यात, चोरा! तुह्या बापाच्या मोटेचं हाय ना? त्यो बी असंच चोरून पाणी उपसत असंल!"

रामकिशन चोर नव्हता. हे मला ठाऊक होते, कारण त्याचे कोपर माझ्याच काठाला टेकले होते. पण मी लोखंड, मला कोण विचारतो? आणि ज्याला तोंड होते तो तोंडाने बोलला नाही. "माह्या बापाचं नाव घेतो!" एवढेच ओरडून त्याने मला गळ्यातून काढले आणि दोन्ही हातांनी फिरवले. चामडे शिवायला माझ्या कडेला लोखंडी कान ठेवले आहेत. त्यातला एक नेमसिंगच्या डाव्या डोळ्यात गेला.

तो आवाज मी विसरू शकत नाही. आयुष्यभर मी पाण्यात भिजले होते. रक्त गरम असते, हे मला त्या दिवशी कळले. त्यानंतर दोन्ही संघ एकमेकांवर तुटून पडले. लाठ्या निघाल्या, दगड चालले, फळीचे तुकडे झाले, बघ्यांचीही डोकी फुटली. नेमसिंग मधोमध तोंड झाकून लोळत होता आणि भांडणारे त्याच्याच अंगावरून धावत होते. शेवटी विश्वंभरने त्याला ओढून गाडीत घातले आणि दवाखान्यात नेले. जीव वाचला, डोळा गेला.

पोलिसांच्या अमीनसाहेबांनी मला मुद्देमाल म्हणून नेले. कोर्टात माझे माप घेतले गेले. विश्वंभरने साक्ष दिली, रामकिशनचा हात मोजला गेला, आणि चोरीचा डाग पुसला गेला. रामकिशनने मान वर केली. पण मुन्सिफांनी नेमसिंगच्या डोळ्यावरची पट्टी सोडायला लावली, तेव्हा ती मान पुन्हा खाली गेली. त्याला सक्तमजुरी झाली, कॉलेज सुटले. मी पुसेगावला परत आले. "याच्यानं आता पिकाला पानी देनार न्हाई," असे म्हणून तातेरावांनी मला गोठ्याच्या कोपऱ्यात टाकले. तिथे मी गंजत राहिले. मुन्सिफांनी मला सोडले होते, तातेरावांनी नाही!

रामकिशन सुटून आला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एक माणूस दारात उभा राहिला. वाळलेला, डावी पापणी खोल गेलेली. तो नेमसिंग होता.

"माहं लगन मोडलं," नेमसिंग म्हणाला. "काना नवरा नको म्हनले. तुहं तोंड बघावं वाटलं, म्हणून आलो."

रामकिशनने गोठ्यातून मला आणले, नेमसिंगच्या हातात दिले आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून बसला.

"मार. म्या हूं की चूं करनार न्हाई."

नेमसिंगने मला डोक्यावर उचलले. गोजरबाईच्या हातातला तांब्या खाली पडला. मला वाटले, झाले, आता पुन्हा तेच गरम रक्त. पण त्याचे हात वरच थांबले. खाली आले. पुन्हा वर गेले. शेवटी त्याने मला बाजूला टाकले आणि तो मटकन खाली बसला.

"एका डोळ्यानं अंदाज येत न्हाई रे," तो म्हणाला. "डोळ्यावर मारावं आन् टाळूवर बसलं तर? तू मरून जाशील. तुह्या मायला मंग म्या काय सांगू?"

रामकिशन तेव्हा जो रडला, तसा कोर्टातही रडला नव्हता. मारायच्या आधी इतका विचार नेमसिंगने केला. दोन डोळे असताना तो विचार त्या दिवशी रामकिशनला सुचला नव्हता.

मित्रांनो, माझा गंज काढा, मला तेल लावा, असे मी मागत नाही. विहिरीत बुडवा, फळीवर टांगा, कोंबड्या बसवा, काहीही करा. पण राग आला की आधी हातातले खाली ठेवा. डोळा फुटायला पापणी लवण्याइतका वेळ लागला होता. नेमसिंगला उरलेले सारे आयुष्य एका डोळ्याने पाहायचे आहे.