खडखडीचा आडोसा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे, उभ्या दांड्याचा, मान फिरवणारा. आधीच सांगून ठेवतो, माझ्याकडून एका जागी बघत बोलणं होत नाही. तुमच्याकडे बघून एक वाक्य सांगेन, तोवर माझी मान दाराकडे वळलेली असेल. रागावू नका. माझा जन्मच असा अस्वस्थ आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी आकाशी रंगाचा होतो आणि माझा जराही आवाज येत नसे. लखनौच्या एका सरकारी कार्यालयात आलो आणि साहेबांच्या खोलीत चार वर्षं मिरवलो. मग साहेबांकडे एसी आला आणि मला मागच्या खोलीत ढकललं. तोवर जाळी सैल झाली होती, मानेतले दाते झिजले होते. उजवीकडे वळलो की खड्, डावीकडे वळलो की खडखडखड. चपराशी हरिहर येता-जाता मला थापडा मारायचा. खरं सांगतो, मला त्याचा फार राग यायचा.

मागच्या खोलीत अपूर्वा मॅडम बसत. लूटमार, मारहाण, हल्ला अशा गुन्ह्यांत जे जखमी होतात, त्यांना सरकार आर्थिक मदत देतं आणि मन सावरायलाही कुणीतरी देतं. ते कुणीतरी म्हणजे आमच्या मॅडम. त्या अर्ज भरून घेत आणि लोकांचं ऐकत. खोली कसली, प्लायवूडचं पार्टिशन, वर सगळं मोकळं. पलीकडे बाकावर माणसं खोळंबलेली असत. कुणी आत आलं की मॅडम आधी उठून मला सुरू करत. मला वाटायचं, वाऱ्यासाठी.

मे महिन्यात सुनंदाबाई आल्या. सोबत त्यांचे यजमान दादाराव, टपाल खात्यात नोकरीला. कुटुंब मूळ अमरावतीकडचं, वीस वर्षं लखनौच्या आलमबागेत राहणारं. सुनंदाबाई एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलांना जेवणाचे डबे द्यायच्या. बाजारातून येताना एकाने त्यांच्या पर्सला हात घातला. त्यांनी ती सोडली नाही, तर त्याने चाकू चालवला. तळहाताला नऊ टाके पडले आणि डबे बंद झाले.

दादारावांना बाहेर बसवून मॅडमनी दार लावलं. मॅडम मराठी घरातल्या, पण लखनौतच वाढलेल्या. मराठी सगळं कळायचं, बोलणं मात्र हिंदीत. त्यांना मराठी कळतं म्हटल्यावर सुनंदाबाईंना जरा धीर आला. पहिल्या दिवशी सांगता सांगता त्या बाजारापर्यंत पोचल्या, दुसऱ्या खेपेला चाकूपर्यंत. मला त्यांचा चेहरा तुकड्यातुकड्यानेच दिसे. वळून यावं तर त्या पदराने डोळे पुसत असत, पुन्हा यावं तर तळहात चोळत बसलेल्या. कुणीतरी माझी मान धरून ठेवा, असं मला सारखं वाटे.

तिसऱ्या खेपेआधी एक मोठे अधिकारी पाहणीला आले. "ये क्या खटारा रखा है?" एवढंच म्हणाले. संध्याकाळपर्यंत भिंतीवर नवा पंखा लागला, आवाज म्हणून नाही. मला बाहेर बाकाजवळ आणून टाकलं, वायर माझ्याच गळ्यात गुंडाळून. मान वळलेली राहिली ती नेमकी दादाराव बसतात त्या बाजूला. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांवर बारीक बारीक कापलं होतं. शेजारच्या बाईने विचारलं, तर म्हणाले, "सब्जी काटने में हो जाता है।"

आतून सुनंदाबाईंचा आवाज आला. शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

"मॅडम, मला काही सांगायचं नाही. माझी फाइल बंद करा."

"क्यों मावशी? पिछली बार तो आप इतना बोल रही थीं।"

"बंद करा म्हटलं ना."

दादाराव अर्धे उठले आणि परत बसले. मी नुसता तडफडलो. अर्ज मागे घेतला की मदत गेली, हे बोलणंही गेलं आणि डबे कायमचे गेले. आणि मी बिनविजेचा उभा.

मॅडम दार उघडून बाहेर आल्या. आधी पार्टिशनकडे पाहिलं, मग दादारावांकडे, मग माझ्याकडे.

"हरिहर भैया, पुराना वाला अंदर लाइए।"

"मैडम, वो तो बहुत आवाज़ करता है।"

"इसीलिए तो।"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाकावरच्या बाकी कुणाला मराठी येत नव्हती. येत होती ती एकट्या दादारावांना, आणि सुनंदाबाईंना नेमकं त्यांच्यापासूनच लपवायचं होतं.

मी जीव खाऊन खडखडलो. सुनंदाबाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "हात कधीचाच बरा झालाय. पण विळी समोर घेतली की मला घाम फुटतो. तो चाकूच दिसतो. ह्यांना सांगितलंय, हात दुखतो. बिचारे ऑफिसातून दमून येऊन भाजी चिरतात. आता बऱ्या हाताच्या नावावर सरकारची मदत घेऊ? ह्यांनी जन्मात कधी खोट्या कागदावर सही केली नाही."

"मावशी, मन को जो चोट लगी है, वो भी चोट ही है," मॅडम म्हणाल्या. "अर्ज़ी में वही लिखेंगे। झूठ कुछ नहीं लिखना है।"

सुनंदाबाई तळहाताकडे बघत राहिल्या. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आलो. तिसऱ्यांदा वळलो तर त्या माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी माझं बटण बंद केलं. माझी मान त्यांच्यावरच थांबली, आणि त्यांचा चेहरा मला पहिल्यांदाच सलग दिसला. पार्टिशनकडे वळून त्या म्हणाल्या, "अहो, हात बरा आहे माझा. मला विळीची भीती वाटते."

बाहेर बाक करकरला. मग दादारावांचा आवाज आला.

"मग भाजी मी चिरीन. तू डबे सुरू कर."

मित्रांनो, मला बंद केल्याचा इतका आनंद कधीच झाला नव्हता. अर्ज त्याच दिवशी नव्याने लिहिला गेला. हरिहर आता माझ्या मानेत तेल घालायला आला की मॅडम त्याला हटकतात, आणि भिंतीवरचा तो नवा पंखा आमच्याकडे बघत बसतो.

तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाची जखम भरून आली असेल, टाके निघाले असतील, तर एवढ्यावर उठून जाऊ नका. शेजारी बसा. ते माणूस आज बोलणार नाही, उद्याही कदाचित नाही. मला तर मान फिरवावीच लागते. तुमची मान तुमच्या ताब्यात आहे. ते बोलायला लागलं की दुसरीकडे बघू नका.