चौदा नंबर मोकळी सोडा

नोरीन हॉकस्ट्राच्या कागदावर चौदा नंबरच्या मुलीपुढे दोनच शब्द होते: मोकळी सोडा.

प्रेअरी फोर्क कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला तीन असिस्टंट कोच होते. हंगाम सुरू होताना प्रतिस्पर्धी संघ तिघांत वाटले जात. ज्याच्या वाट्याला जो संघ येई, त्याने त्या संघाच्या सामन्यांचे व्हिडिओ बघायचे आणि कागद करायचा. कोण कुठून नेम धरते, कोणाला अडवायचं, कोणाकडे दुर्लक्ष करायचं. जिंकले तर सगळे जिंकत. हरले तर कागद हरे.

नोरीनने एकोणीस वर्षं, पाच कॉलेजांत असे कागद केले होते. मुख्य कोच होण्यासाठी सात ठिकाणी अर्ज केले, सात ठिकाणांहून गोड नकार आले. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी आठव्या कॉलेजने मुलाखतीला बोलावलं होतं. तिथला कोच आजारपणामुळे हंगामाच्या मध्येच सोडून गेला होता. मुलाखत बरी झाली. तिथले क्रीडाप्रमुख डेल ओस्टर्गार्ड आज तिला काम करताना बघायला दोन तास बर्फातून गाडी हाकत आले होते. बेंचच्या मागे, चौथ्या रांगेत, लाल टोपी मांडीवर ठेवून ते बसले होते. सोमवारी निर्णय होता.

चौथ्या आणि शेवटच्या डावाच्या सुरुवातीला संघ अकरा गुणांनी पुढे होता. तेवढ्यात चौदा नंबरने डाव्या कोपऱ्यातून चेंडू टाकला. आत. तीन गुण.

"लागतो एखादा," मुख्य कोच मार्ज टिलमन म्हणाल्या.

दुसराही लागला. तिसऱ्याच्या वेळी नोरीनने चेंडूकडे पाहिलंच नाही, तिने मुलीच्या कोपराकडे पाहिलं. व्हिडिओंत ही मुलगी टाकण्याआधी चेंडू पार गुडघ्यापर्यंत खाली न्यायची आणि कोपर बाहेर फेकायची. दहा सामन्यांत एकतीस वेळा टाकून तीनदा लागला होता. आज चेंडू छातीपाशीच होता आणि कोपर सरळ रिंगच्या रेषेत. आत.

शेवटचा व्हिडिओ होता तो परीक्षेच्या सुट्टीआधीचा. मध्ये अकरा दिवस सामने नव्हते, पण जिम उघडी होती. नोरीनने सामने मोजले होते, दिवस मोजलेच नव्हते. आणि हे तिलाच कळू नये? गेल्या वर्षी त्याच सुट्टीत तिने स्वतःच्या संघातल्या डेलेनीचा हात असाच सुधारला होता, रोज पाचशे वेळा टाकायला लावून.

पलीकडे, प्रतिस्पर्धी संघाच्या बेंचवर राखाडी स्वेटरमधली एक असिस्टंट बसली होती. चेंडू कुठेही असला तरी तिची नजर चौदा नंबरच्या कोपरावर होती.

आज चौदा नंबर डेलेनीकडेच होती; तिने मैदानातूनच दोन्ही हात पसरले. आता काय करू?

"नोरीन, कागद उलटा तर धरला नाहीस ना?" शेजारच्या टॉडने विचारलं. तोही असिस्टंटच.

"तुझा कागद काय म्हणतो?" मार्जनी मान न वळवता विचारलं.

मागे चौथी रांग होती. नोरीनने ओठ ओले केले. "सोडा म्हणतो, कोच."

"मग सोडा. माझा तुझ्यावर भरवसा आहे."

हे ऐकून तिला जास्तच कसंतरी झालं. पुढची सहा मिनिटं ती गप्प बसली आणि त्यात चौदा नंबरने आणखी दोन टाकले. शेवटचा डाव संपायला एक मिनिट पन्नास सेकंद उरले, तेव्हा गुण होते एकसष्ट-एकोणसाठ. मार्जनी टाइमआउट घेतला.

मुली खुर्च्यांवर बसल्या. रिवाजाप्रमाणे कोच मंडळी आधी आपसात बोलायला बाजूला उभी राहिली.

"तसंच चालू द्यायचं?" मार्ज म्हणाल्या.

"कोच, माझा कागद चुकलाय."

टॉडने कपाळाला हात लावला. "आत्ता? दोन मिनिटं राहिल्यावर?"

"सुट्टीत कुणीतरी तिचा हात बदललाय. डेलेनीने तिला चिकटून राहायला हवं."

"मग त्यांच्या उंच पोरीला दुसरी कोण अडवणार? आत्तापर्यंत डेलेनीच मदतीला होती."

"कोणी नाही. ती दोन गुण घेईल. पण चौदा नंबरला तीन मिळायला नकोत."

मार्जनी मुलींकडे बोट केलं. "जा. तूच सांग त्यांना."

नोरीन मुलींपुढे गुडघ्यावर बसली. तिचं बोलणं ऐकून डेलेनी उसळली, "मग इतका वेळ मला येड्यासारखं लांब उभं का केलं, कोच?"

"माझी चूक. मनसोक्त ओरड, पण सामना संपल्यावर. आत्ता तिचं कोपर सोडू नकोस."

उंच पोरीने दोन गुण घेतलेच. बरोबरी. डेलेनीला फाउलबद्दल दोन फ्री थ्रो मिळाले, प्रत्येकी एका गुणाचे; एक लागला. बासष्ट-एकसष्ट. नऊ सेकंद उरले असताना चेंडू डाव्या कोपऱ्यात चौदा नंबरकडे आला. डेलेनीचा हात तिच्या तोंडासमोर होता. मुलीला चेंडू उंच फेकावा लागला. तो रिंगवर आपटला, दोनदा नाचला आणि बाहेर पडला.

जिंकल्याच्या गलक्यात नोरीन खाली वाकून कागद गोळा करत होती, तेवढ्यात समोर ओल्या बुटांची जोडी येऊन थांबली. ओस्टर्गार्ड.

"चूक कबूल केलीत, बरं केलंत," ते म्हणाले. "पण लक्षात कधी आली?"

आत्ताच, शेवटच्या टाइमआउटला, असं म्हणता आलं असतं. टॉडनेसुद्धा तेच सांगितलं असतं.

"तिसऱ्या फेकीला," नोरीन म्हणाली.

"आणि सहा मिनिटं थांबलात?"

"हो."

"का?"

"तुम्ही चौथ्या रांगेत बसला होतात म्हणून."

ओस्टर्गार्ड हसले नाहीत. त्यांनी टोपी हातात फिरवली, झटकली आणि डोक्यावर घातली.

"आमची जिम लहान आहे," जाता जाता ते म्हणाले. "तीनच रांगा आहेत."