दोन बिऱ्हाडांमधले कपाट

मी एक जुने लाकडी कपाट आहे. मित्रांनो, कपाट म्हटले की ते भिंतीला टेकून असते. मी मात्र खोलीच्या मधोमध उभे आहे. ते का, हे सांगते.

मला घडवणाऱ्या सुताराने माझ्या दारांवर जीव ओतला. उजव्या दाराला उभा आरसा बसवला. पाठीला मात्र साधी फळी ठोकली. "हिच्याकडे बघणार कोण? भिंतच ना!" असे तो म्हणाला. मग मी एका नव्या संसारात आले. नवरा खोक्यांच्या कारखान्यात होता, बायको घर सांभाळायची. घरी आलेला पाहुणा आधी माझ्या आरशात केस नीट करायचा आणि मग खुर्चीत बसायचा. ती वर्षे अशी मजेत गेली.

पुढे बाजार बसला. लोकांनी वस्तू घेणे कमी केले, तेव्हा वस्तूंना खोकीही लागेनात. नवऱ्याला आठवड्यातले निम्मे दिवस घरी बसवू लागले. पगार खाली आला, पण तेल, भाजी, बसभाडे काही खाली यायला तयार नव्हते. आधी दूध कमी झाले, मग वर्तमानपत्र बंद झाले. माझ्या कप्प्यांत नवे कपडे येईनात, जुनेच ठिगळ लावून परत येऊ लागले. नवरा-बायको एकमेकांशी कामापुरतेच बोलत. कोणताही विषय काढला तरी तो फिरून तेल-भाजीच्या भावावरच यायचा, म्हणून ते विषयच काढत नसत.

एकदा जुन्या सामानाचा व्यापारी मला पाहायला आला. त्याने माझ्यावर टकटक करून पाहिले.

"लाकूड झकास आहे," तो म्हणाला, "पण आज घेणार कोण? जो तो विकायलाच बसलाय."

तो गेला. बायको बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "खोली मोठी आहे आपली. हे मधे ओढलं, तर पलीकडे एक माणूस राहील."

अशा रीतीने मी भिंत झाले. पलीकडे खाट टाकून एक मावशी भाड्याने राहायला आल्या. धुलाईच्या दुकानात त्या इस्त्री करायच्या. माझी पाठ पाहणारे पहिले माणूस त्याच. त्यांनी तिच्यावर खिळे ठोकून पिशव्या टांगल्या. दुखले, पण बरेही वाटले.

काही महिने ठीक गेले. मग भाव आणखी चढले आणि नवरा बायकोच्या मागे लागला, "मावशींचं भाडं वाढव. आपण काय धर्मशाळा उघडलीय?"

एका संध्याकाळी बायको माझ्या आरशासमोर उभी राहून हळू आवाजात बोलण्याची तयारी करत होती. "मावशी, तुम्हाला तर माहीतच आहे... नको. मावशी, राग मानू नका, पण..." त्याच वेळी माझ्या पाठीशी मावशी कपड्यांच्या घड्या घालत पुटपुटत होत्या. "ताई, दुकानानं माझे दिवस कमी केलेत. भाडं झेपणार नाही, मी जागा सोडते... छे, असं तोंडावर कसं सांगायचं?"

मला दोन्हीकडचे ऐकू येत होते. पण कपाटाला बोलता कुठे येते?

दोघी स्वयंपाकघराच्या दारात समोरासमोर आल्या.

"मावशी, जरा बोलायचं होतं."

"मलाही. आधी तुम्ही."

"तुम्ही मोठ्या. आधी तुम्ही."

माझ्या कडेला टेकून नवरा खाली बसला होता. त्यानेही सगळे ऐकले होते. तो मान खाली घालून म्हणाला, "अगं, त्या सोडून चालल्यात. आणि मावशी, ही भाडं वाढवणार होती, माझ्याच सांगण्यावरून. झालं, बोलून झालं दोघींचं."

मग मावशींना हसू फुटले आणि बायकोने चहाचे आधण ठेवले, तिघांचे मिळून. त्या चहावर ठरले, की चूल एकच ठेवायची. भाडे वाढणार नाही, आणि दुकानात काम नसेल त्या दिवशी मावशी घरीच लोकांच्या कपड्यांना इस्त्री करणार.

"पण कपडे गोळा करायला कोण जाणार?" मावशी म्हणाल्या. दोघींनी नवऱ्याकडे पाहिले.

"मी? पाठीवर गाठोडं घेऊन? आपल्याच गल्लीत?"

"दुसऱ्या गल्लीपासून सुरुवात करा," बायको म्हणाली.

तो गेला. परतला तेव्हा गाठोडे लहान होते, पण चेहरा मोकळा होता. तिसऱ्याच घराचे दार त्याच्या कारखान्यातल्या सोबत्याने उघडले होते. दोघेही ओशाळले. मग सोबती म्हणाला, "मी सध्या सायकली दुरुस्त करतोय. कुणाची बिघडली तर पाठव माझ्याकडे." आणि त्याने दोन सदरे दिले.

तंगीचे ते दिवस त्यांनी असेच ढकलले. सुबत्ता आली नाही, पण जेवताना घरात पुन्हा गप्पा सुरू झाल्या. पुढे कारखाना पूर्ववत चालू झाला. नवऱ्याने बाह्या सरसावल्या आणि मला भिंतीकडे सरकवायला खांदा लावला.

"थांबा," बायको म्हणाली, "आधी मावशींना विचारू."

"विचारता काय?" पलीकडून आवाज आला. "मला सगळं ऐकू येतंय. कपाट हवं तर न्या, खाट मात्र हलायची नाही!"

नवऱ्याने हसून खांदा काढून घेतला. तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लाकडाला वाळवीपासून जपा, ओलीत ठेवू नका. आणि कधी महागाईचे दिवस आलेच, तर तेल जपून वापरा, वीज जपून वापरा. बोलणे मात्र जपून ठेवू नका.