चौकातली पाटी

शेवंताचा विश्वास दूधवाल्यावर नव्हता, भाजीवालीवर नव्हता, आणि नवऱ्याला दारुडा ठरवणाऱ्या कोर्टावर तर मुळीच बसेना.

नवरा धर्मपाल बीरगांवच्या एका कारखान्याची बस चालवायचा. कामगारांना आणायचं, पोचवायचं. सुटीच्या दिवशी पुरानी बस्तीच्या गल्लीत त्यानं आपल्या जुन्या गाडीनं केळ्यांचा ठेला उडवला. ठेलेवाला थोडक्यात वाचला. पोलिसांच्या मशीनमध्ये फुंकल्यावर दारू निघाली, धर्मपालनं हात जोडून गुन्हा कबूल केला. कोर्टानं दंड केला, लायसन्स तीन महिने बंद केलं आणि वर एक जगावेगळी शिक्षा दिली. आठवडाभर रोज संध्याकाळी चौकात पाटी घेऊन उभं राहायचं, 'मैंने शराब पीकर गाड़ी चलाई, आप मत चलाना.'

सगळा पारा, सगळी वस्ती हसली. शेवंताला मात्र पाणी कुठंतरी मुरतंय असं वाटत राहिलं. हा माणूस रोज सकाळी बुद्धाच्या फोटोपुढं पंचशील म्हणायचा, आणि नशा न करण्याचं पाचवं शील शेजारच्या पिणाऱ्याला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच म्हणायचा. तो पिणार? त्या दिवशी घरी आला तेव्हा शर्टाची कॉलर घमघमत होती खरी, पण ना जीभ अडखळत होती, ना पाय लटपटत होते. प्यायलेली माणसं तिनं माहेरी ढिगानं पाहिली होती. हे सोंग होतं.

सोंग कोणासाठी? पहिला संशय पोरीवर गेला. मोनाली त्याच कारखान्याच्या ऑफिसात होती, बापाच्याच बसनं जायची.

"खरं सांग, गाडी तू चालवत होती ना? बाप तुले वाचवून राहिला."

"मम्मी, मैं तो उस दिन घर पर थी, आपके साथ पापड़ बेल रही थी," मोनाली वैतागली. "पापा ने पी ली होगी. मान लो ना."

पापडांचं खरं होतं. म्हणून संशय मेला असं नाही, तो फक्त जागा बदलून बसला. हा चौकात उभा तरी राहतो का? की पाटी शिपायाकडं देऊन भलतीकडंच जातो? या वयात एखादी बाई? तिचं तिलाच वाईट वाटलं, पण पायात चपला सरकवून ती निघालीच.

चौकात धर्मपाल उभा होता. सिग्नलजवळ, मान खाली, गळ्यात पाटी. ती रस्ता ओलांडून थेट त्याच्यासमोर गेली, अगदी हातभर अंतरावर. त्यानं मान वर केली, तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हात जोडले.

"दीदी, घर में कोई पीकर गाड़ी चलाता हो तो रोकिए."

शेवंताला वाटलं चेष्टा करतोय. मग वाटलं, लाजेनं करतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर ना लाज होती ना ओळख. सत्तावीस वर्षांच्या बायकोला तो दीदी म्हणत होता.

"मी आहे," ती म्हणाली.

त्याचे जोडलेले हात तसेच राहिले. "शेवंता? तू काहून आली?"

"तुम्हाले दिसत नाही?"

"कडेकडेचं दिसते. समोर काळा डाग आहे." तो हळू बोलू लागला. "डोळ्याच्या मोठ्या डॉक्टरले दाखवलं होतं. नजर आता वापस येणार नाही म्हणे. ठेला तर मले दिसलाच नाही. पोलिसाले हे सांगतलं असतं तर लायसन्स कायमचं गेलं असतं. पेल्याचं तीन महिन्यांत वापस भेटते. पोलीस यायच्या आधी बाजूच्या दुकानातून दारूचा पव्वा घेतला, तोंडात धरला, थुकून टाकला." मग घाईघाईनं म्हणाला, "गिळली नाही, शेवंता. एक थेंबही नाही. शील मोडलं नाही म्या."

तिला क्षणभर भडभडून आलं. एवढ्या बदनामीत या वेड्यानं तेवढं जपलं होतं. पुढच्याच क्षणी तिला बस आठवली.

"अन् तीन महिन्यांनी? बस चालवान?"

"रस्ता पाठ आहे मले."

"रस्ता पाठ आहे. रस्त्यावरचे माणसं पाठ आहेत का?" तिचा आवाज चढला. "त्या बसमध्ये आपली पोट्टी बसते. पाचवं शील सांभाळलं तुम्ही. जीव घेणार नाही म्हणता रोज, ते कितवं आहे?"

"पहिलं," धर्मपाल पुटपुटला. शेवंतानं कमरेचा मोबाइल काढला आणि कारखान्याच्या सुपरवायझरला लावला. तो तिचा हात धरायला गेला. हात तिच्या बाजूनं हवेत गेला.

"हव भैया, धर्मपाल की घरवाली बोल रही हूँ. इनको अब कभी बस मत देना. इन्होंने पी नहीं थी. इनको दिखता नहीं है."

धर्मपाल पाटीसकट फुटपाथवर बसला. "आता खाऊ काय आपण?"

"जे भेटन ते," शेवंता म्हणाली, आणि त्याच्याशेजारी बसून रडू लागली.